साईटवर पाऊल टाकण्याआधी

संपादक महोदय,

टिळकवाडी, अनगोळ भागात जिकडेतिकडे अपार्टमेंटची कामे सुरू आहेत. खानापूरकडचा गडी सकाळी नाक्यावरून उचलला की थेट परांचीवर चढवतात. लिफ्टचा खड्डा कुठे उघडा आहे, विजेची वायर कुठून नेली आहे, हे त्याला कोणी दाखवत नाही. फ्लॅट बघायला येणारी मंडळी तर पोराबाळांसकट, साध्या चपलांवर, कठडा नसलेल्या जिन्याने वर जातात. हेल्मेट असते, पण इंजिनिअरसाहेबांच्या गाडीत! बांधकाम खर्चावर १ टक्का कामगार कल्याण उपकर भरून घेतला जातोच. मग नव्या माणसाला मराठी-कन्नडमध्ये समजावून आधी साईट फिरवून दाखवावी, अशी अट महापालिकेने परवाना देतानाच का घालू नये? आणि पाहुण्यांसाठी गेटवर चार हेल्मेट ठेवायला असा किती खर्च येतो?

— एक वाचक, शहापूर, बेळगाव