हिरव्या ढगामागची वीजही मोजावी

महोदय,

पर्यावरण आणि डिजिटल तंत्रज्ञान यांचा मेळ घालणाऱ्या कलाकृतींविषयी वृत्तपत्रांत येणाऱ्या मजकुरात बहुधा रोषणाईचे मोठे छायाचित्र आणि कौतुकाची चार वाक्ये असतात; ती रोषणाई कोणत्या माहितीवरून बदलते, हे क्वचितच वाचायला मिळते. ‘हेहे’ या नावाने काम करणाऱ्या हेलेन इव्हान्स आणि हायको हान्सेन या कलावंत जोडीच्या ‘न्युआज व्हेर’, म्हणजे ‘हिरवा ढग’, या कलाकृतीचे मर्म तर नेमके त्या माहितीतच आहे.

फेब्रुवारी २००८ मध्ये हेलसिंकीतील साल्मिसारी येथील कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या धुराड्यातून निघणाऱ्या वाफेवर या दोघांनी रात्री हिरव्या लेझरचा झोत टाकला. वाफेचा क्षणोक्षणी बदलणारा आकार उष्णता टिपणारा कॅमेरा पकडत असे आणि त्यानुसार लेझर ढगाची कड आखत असे. परिसरातील वीजवापर उतरला की हा हिरवा ढग वाढे. वापर वाढला की ढग लालभडक करावा, लोकांना धाक घालावा, असे कोणालाही सहज सुचले असते. या जोडीने उलटी दिशा निवडली, आणि मला ती फार मोलाची वाटते. एरवी वीज वाचवणाऱ्याच्या वाट्याला केवळ अंधार येतो. येथे घरातला दिवा मालवणाऱ्याला समोरच्या आकाशात काहीतरी वाढताना दिसत होते, आणि ते एकट्याच्या बळावर वाढणारे नसल्यामुळे शेजाऱ्यांनीही दिवे मालवणे आवश्यक होते.

हिरवा रंग निसर्गाचा मानावा की विषारी वायूचा, हा प्रश्न त्यांनी मोकळाच ठेवला. पुढे पॅरिसलगतच्या इव्री-सूर-सेन येथे कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाच्या धुराड्यावर हाच ढग उमटला, तेव्हा त्या प्रश्नाची धार अधिकच जाणवते.

लेझर, कॅमेरा आणि संगणक यांनाही वीज लागतेच. म्हणून अशा कलाकृतींवर लिहिताना त्यांतील आकडे कोठून येतात, ते खरोखर त्या क्षणाचे असतात की आधी साठवलेले, आणि कलाकृती स्वतः किती वीज वापरते, हे कलावंतांना विचारून आपल्या प्रतिनिधींनी छापावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. या प्रश्नांना उत्तर नसलेली कलाकृती देखणी असू शकेल. तिला ‘पर्यावरणीय’ हे विशेषण मात्र आपल्या वृत्तपत्राने इतक्या सहज बहाल करू नये.

आपला विश्वासू,
एक वाचक