आवडते नाणे दाखवताना त्याचे वजन आणि ठावठिकाणाही सांगावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नाणेसंग्राहकांनी आपापल्या संग्रहातील आवडत्या नाण्यांविषयी लिहिलेला मजकूर मी आवडीने वाचला. कपाटात बंद असलेले नाणे त्यानिमित्ताने चार लोकांच्या नजरेस पडते, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र जवळजवळ प्रत्येकाने नाण्याची किंमत आवर्जून सांगितली असताना त्याचे वजन कोणीच दिलेले नाही आणि ते कोणत्या गावी, कोणाकडून, कशासोबत मिळाले याचा उल्लेख तर एकाच्याही लेखात नाही, हे मला खटकले.

माझे स्वतःचे आवडते नाणे म्हणजे एक साधी, बरीच झिजलेली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे. बाजारभावाने तिची किंमत फारशी नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’ असा मजकूर आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, हे शिवराईचे रूप बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान असल्याने पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. माझ्या नाण्यावर ‘राजा’ स्पष्ट आहे, ‘श्री’चा वरचा भाग कडेबाहेर गेला आहे, आणि डाव्या कडेला ठिपक्यांपैकी चारच शिल्लक आहेत. त्यामुळे एकाच ठशाची पाचसहा नाणी शेजारी शेजारी मांडली म्हणजे कुठे तो ठसा पुरता वाचता येतो. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेले हे नाणे महाराजांच्या पश्चातही त्यांच्याच नावाने दीडशेहून अधिक वर्षे पडत राहिले आणि इंग्रजी अंमल पक्का झाल्यावरही खेड्यापाड्यांत चालत राहिले. साहजिकच ‘शिवराई’ एवढे म्हटल्याने ती रायगडाच्या काळातली की पेशवाईच्या अखेरची, हे कळत नाही. अक्षरांचे वळण, ऱ्हस्व-दीर्घातले फरक, लहानसहान चिन्हे, वजन आणि सापडल्याचे ठिकाण यांवरूनच तिचा काळ आणि टांकसाळ यांचा अंदाज बांधता येतो. यांतले शेवटचे दोन धागे छायाचित्रात दिसत नाहीत. ते नाणे बाळगणाऱ्यानेच सांगावे लागतात.

ठिकाणाला आणि सोबतच्या नाण्यांना एवढे महत्त्व का, याचे उत्तर आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. १९०६ मध्ये जोगळटेंभी येथे चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. सगळी नाणी क्षत्रप घराण्यातला राजा नहपान याची होती, पण त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाचा चेहरा खाली आणि त्यावर सातकर्णीचा शिक्का, असे एखादे नाणे सुटे मिळाले असते तर ते एक नवल म्हणून कोणाच्या तरी डबीत गेले असते. हजारोंच्या संख्येने ती एकत्र मिळाली, तपासली गेली आणि त्यांची नोंद प्रसिद्ध झाली, म्हणूनच सातकर्णीने क्षत्रपांचा पाडाव केल्याला एवढा भक्कम पुरावा मिळाला. असे साठे आजही नांगरताना, पाया खणताना निघतात आणि बऱ्याचदा कोणाला पत्ता लागण्याआधीच चार व्यापाऱ्यांत वाटले जातात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हे आपल्या पुरवणीत ठळक चौकटीत छापायला हवे होते.

वजनाचे महत्त्व आणखी व्यावहारिक आहे. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा. ‘रुपयाभार’ हे माप आपल्या आजीच्या तोंडी असे ते त्यामुळेच. दहा ग्रॅमचा ‘व्हिक्टोरिया’ कोणी दाखवला, तर तो कितीही चकचकीत असला तरी शंका घ्यावी. शिवराईच्या बनावट प्रती तर हल्ली ढिगाने मिळतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला पुष्कळदा सांध्याची रेघ असते आणि भिंगातून पाहिल्यास पृष्ठावर बारीक छिद्रे दिसतात. ‘नाणे छान स्वच्छ केले आहे’ असे एका लेखकाने अभिमानाने लिहिले आहे, त्याबद्दल एवढेच सांगतो की चिंच किंवा भांड्यांची पावडर लावून घासलेल्या तांब्याच्या नाण्यावरचा जुना थर एकदा गेला की परत येत नाही आणि त्याबरोबर अक्षरांच्या कडाही बोथट होतात.

एका भगिनींनी आजेसासूबाईंच्या माळेतली पुतळी दाखवली आहे; मला तो मजकूर सर्वांत आवडला. व्हेनिसहून समुद्रमार्गे आलेले, साडेतीन ग्रॅमचे जवळजवळ निर्भेळ सोन्याचे हे नाणे, त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, आणि आपल्याकडे ते बायकांच्या गळ्यात रुळले. डाग दिलेल्या कडीमुळे त्याची किंमत कमी होते असे त्या खेदाने लिहितात. व्यापाऱ्याच्या हिशेबाने ते खरे असेल. माझ्या मते ती कडी हा त्या नाण्याच्या प्रवासाचाच पुरावा आहे आणि ती काढून टाकण्याचा विचारही त्यांनी मनात आणू नये.

किमतीच्या आकड्यांबद्दल माझा आक्षेप मात्र गंभीर आहे. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असले संदेश घरोघरी फिरत असतात. वास्तविक ते नाणे भरपूर पाडलेले आहे. जुनी नाणी विकत घेण्याच्या आमिषाने रिझर्व्ह बँकेच्या नावावर शुल्क आणि कर उकळले जात असल्याचा इशारा त्या बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. अशा वातावरणात ‘आज याचे दीड लाख येतील’ हे वाक्य वर्तमानपत्रात छापून आले, की फसवणाऱ्यांच्या हाती आयतेच कात्रण मिळते.

म्हणून विनंती अशी, की हे सदर चालू ठेवावे, पण प्रत्येक नाण्यासोबत दोन्ही बाजूंची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी, ग्रॅममधले वजन, व्यास आणि मिळाल्याचे गाव एवढी माहिती अवश्य मागवावी. सराफाच्या काट्यावर वजन करून घेण्यास पाच मिनिटे पुरतात. वाचताच न येणाऱ्या नाण्यांसाठी अंजनेरी येथील भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेतील अभ्यासकांचा सल्ला घेता येईल. माझ्या शिवराईची अशी नोंद या पत्रासोबत जोडली आहे.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक,
सातारा