‘३००’चे लेबल लावून ६०० न्यूटनचे गॅस स्ट्रट पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: चुकीच्या जोराचे गॅस स्ट्रट पाठवल्यामुळे झालेली इजा, गाडीचे नुकसान आणि त्यानंतर आपल्या माणसांनी दिलेली धोकादायक उत्तरे.

महोदय,

मे महिन्यात मी आपल्या संकेतस्थळावरून गॅस स्ट्रटची, म्हणजे गाडीचे झाकण वर उचलून धरणाऱ्या गॅस भरलेल्या नळ्यांची, एक जोडी मागवली. पूर्ण लांबी ५०० मिमी, स्ट्रोक (रॉड आत-बाहेर सरकण्याचे अंतर) २०० मिमी, दोन्ही टोकांना १० मिमीचे बॉल सॉकेट आणि जोर ३०० न्यूटन (साधारण तीस किलो वजन पेलण्याइतका), हे सगळे ऑर्डरमध्ये लिहिले होते आणि जुन्या जोडीचा फोटोही जोडला होता. पार्सलवर, बिलावर आणि दोन्ही स्ट्रटच्या लेबलवर ‘३०० न्यूटन’ असेच होते. प्रत्यक्षात ते ६००चे निघाले. त्यापायी माझ्या थोरल्या भावाच्या हनुवटीला टाके पडले आणि गाडीच्या फ्लॅपचा पत्रा वाकला. हे सांगायला मी फोन केला तर आपला माणूस म्हणाला, “ताई, ३००चा स्टॉक नव्हता, म्हणून त्याच पैशात तुम्हाला हेवी ड्युटी दिला. तुमचा फायदाच झाला.”

या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. स्ट्रट बदलून मिळाला की माझ्यापुरता प्रश्न मिटेल. पण जास्त जोर म्हणजे जास्त चांगला माल, असे आपल्या कंपनीत खरोखर मानले जात असेल, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी डिकीखाली एखादे लेकरू उभे असेल.

गाडीबद्दल थोडे सांगते. जुनी ट्रॅव्हलर घेऊन आम्ही तिचा कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहता येईल अशी गाडी, केला आहे. बदलाची आरटीओत रीतसर नोंद आहे. डाव्या बाजूला स्वयंपाकाचा कप्पा असून त्याला वर उघडणारा फ्लॅप आहे. उघडला की त्याचेच छप्पर होते आणि खाली शेगडी मांडता येते. एरवी ही गाडी घरच्या फिरण्याला असते, पण आषाढीला ती आमच्या दिंडीबरोबर जाते. तेव्हा त्या फ्लॅपखाली पहाटेपासून चहाला माणसे उभी असतात. त्यात म्हातारी माणसे असतात, कडेवर मूल घेतलेल्या बायका असतात. तो फ्लॅप वर नीट टिकणे आणि एका हाताने खाली येणे, या दोन्ही गोष्टी आमच्यासाठी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

जुन्या जोडीने चांगली साथ दिली. पुढे एका स्ट्रटच्या रॉडवर तेलाचा ओघळ दिसू लागला, फ्लॅप हळूहळू खाली बसू लागला आणि त्याला काठीचा टेकू द्यावा लागू लागला. सील गेले आणि गॅस उतरला की हेच होते. तेव्हा दोन्ही स्ट्रट एकदम बदलायचे ठरवले.

३०० हा आकडा मी जुन्या लेबलवरून नुसता उतरवून घेतलेला नाही. आमच्या फॅब्रिकेटरने हिशेब करून खात्री केली होती. फ्लॅपचे वजन २० किलो, बिजागरीपासून कडेपर्यंत ८० सेंमी, म्हणजे वजनाचा मध्य ४० सेंमीवर. फ्लॅप आडवा उघडा असताना बिजागरीपासून स्ट्रटच्या रेषेपर्यंतचे काटकोनातले अंतर १५ सेंमी. २० गुणिले ४० म्हणजे ८००, त्याला दोन स्ट्रट आणि १५ सेंमी, म्हणजे ३०ने भागले की प्रत्येकी पावणेसत्तावीस किलोंच्या आसपास येते. न्यूटनमध्ये ते साधारण २६२. त्यावर १५ टक्के राखीव धरले की ३००. हा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. आपल्या ऑर्डरच्या फॉर्ममध्ये मात्र फक्त लांबीची चौकट आहे. वजन, बिजागरीपासूनचे अंतर, स्ट्रट किती आणि कुठे बसणार, यातले काहीच विचारले जात नाही. लांबी जुळली की स्ट्रट ‘युनिव्हर्सल’ ठरतो. त्याच लांबीचा स्ट्रट १०० न्यूटनचाही असतो आणि ८००चाही. लांबीवरून तो फक्त जागेवर बसेल की नाही एवढेच कळते, फ्लॅप पेलेल की नाही हे जोरावर ठरते.

आता प्रत्यक्ष काय झाले ते. जोडी बसवल्यावर फ्लॅप बंद करतानाच दोघांना लोंबकळावे लागले. नवीन आहे म्हणून घट्ट असेल, असे आपल्या हेल्पलाइनवरच्या मुलीने सांगितले. वापराने सैल होईल म्हणाली. ३००च्या जोडीला कडेवर दीड किलोच्या ओढीने फ्लॅप खाली यायला सुरुवात होते. ६००च्या जोडीला त्याच जागी १३ किलोंच्या आसपास ओढ लागते आणि मध्यावर येईपर्यंत ती आणखी वाढते. माझी आई सत्तरीपुढची आहे. तिच्याने तो फ्लॅप आता हलतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी अंगणात उन्हात उभी होती. सोलापूरचा मे महिना आपल्याला सांगायला नको. स्ट्रटवरचा आकडा २० अंश सेल्सिअसला मोजलेला असतो आणि दर १० अंशांना जोर साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तापलेल्या पत्र्याआड ६००चा स्ट्रट त्या वेळी ६५०च्या वर गेला असणार. भावाने कडी काढली, फ्लॅप चार बोटे उचलला, आणि तो हातातून निसटून असा वर गेला की कड सरळ हनुवटीवर बसली. वर जाऊन थांबला तेव्हा मोठा आवाज झाला. उजव्या बाजूच्या ब्रॅकेटचे दोन रिव्हेट तुटले होते, ब्रॅकेटभोवतीचा ॲल्युमिनियमचा पत्रा फुगून वर आला होता आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू प्लायमधून अर्धे बाहेर आले होते. त्या कोपऱ्यात आता रबराचे बीडिंग टेकत नाही. जूनच्या पहिल्याच पावसात पाणी आत जाऊन खालचा प्लाय फुगला.

फॅब्रिकेटरने जोडी काढली तेव्हा एका लेबलचा कोपरा उन्हाने सुटला होता. त्याने नखाने तो सोलला. खाली काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत ‘६००’ छापलेले आहे. दुसऱ्या स्ट्रटवरही तेच. मग त्याने एक स्ट्रट वजनकाट्यावर उभा धरला, रॉड खाली ठेवून, आणि वरून दाबला. काटा ६० किलोंच्या वर गेला तेव्हा कुठे रॉड सरकला. ३००चा असता तर तिशीच्या पुढे थोडे जाताच सरकला असता. याचे फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत. स्टॉक नसल्यामुळे दुसरा माल दिला, एवढेच असते तर त्यावर नवे लेबल कोणी चिकटवले? ते लेबल आपोआप लागलेले नाही.

यानंतर आपल्याकडून आलेली उत्तरे नुकसानीपेक्षा जास्त लागली. प्रथम सांगितले की स्ट्रट उलटा बसवला असेल. फ्लॅप बंद असताना रॉड खाली राहील असाच तो बसवला होता, म्हणजे आतले थोडे तेल सीलवर राहते. फोटो पाठवल्यावर तो मुद्दा सोडून दिला. मग सांगितले की बदल केलेल्या गाड्यांना वॉरंटी नाही. आपल्या जाहिरातीत कॅम्पर, पिकअपची कॅनोपी आणि टूलबॉक्स यांचीच चित्रे आहेत. ही कंपनीतून तयार होऊन येणारी गाडी नव्हे, हे माल विकताना माहीत होते.

मग तडजोड म्हणून एक ३००चा स्ट्रट पाठवतो, एका बाजूला तो लावा, असा निरोप आला. एकीकडे ३०० आणि दुसरीकडे ६०० लावले तर फ्लॅप पिळतो आणि सगळा ताण एकाच बिजागरीवर येतो. हा माल विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवे. एक खराब झाला तरी दोन्ही बदलतात, ते याचसाठी.

सगळ्यात गंभीर उत्तर शेवटचे. कुरियरवाला गॅस भरलेली वस्तू घेत नाही, तेव्हा ‘ड्रिल मारून गॅस सोडा आणि मग पाठवा’ असे मला व्हॉट्सॲपवर लिहून आले. ८ मिमीच्या रॉडवर ६०० न्यूटन जोर म्हणजे आत सुमारे १२० बार दाबाचा नायट्रोजन. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. टायरच्या पन्नासपट दाब भरलेल्या नळीला घरी ड्रिल लावायला आपण एका ग्राहकाला सांगता? नळीवर छापलेल्या सूचनेतही उघडू नका, तापवू नका असेच लिहिले आहे. त्या संदेशाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. तो कोणी पाठवला, आणि आणखी किती जणांना पाठवला, हे आपण शोधून काढावे ही विनंती.

माझी मागणी अशी आहे. जोडीची पूर्ण किंमत परत मिळावी. फॅब्रिकेटरचे दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि भावाच्या दवाखान्याची बिले जोडली आहेत, तो खर्च आपण द्यावा. नवीन जोडी मी दुसरीकडून घेणार आहे, कारण पालखी आळंदीहून निघायच्या आत गाडी तयार हवी आणि आपल्या लेबलवर आता माझा विश्वास नाही. चुकीची जोडी नेण्याची व्यवस्था आपल्या खर्चाने आपणच करावी.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या ग्राहकांची आहे. असे लेबल लावलेला माल ज्यांना ज्यांना गेला, त्यांना आपण स्वतः फोन करून कळवावे. त्यांच्यापैकी अनेकांना आपला फ्लॅप नुसता घट्ट झाला आहे असेच वाटत असेल. जोराचा आकडा नळीवर कायमचा छापलेला असावा, त्यावर लेबल चिकटवू नये, आणि फॉर्ममध्ये वजन व अंतरे विचारावीत. माहिती अपुरी असेल तर ऑर्डर थांबवावी आणि स्टॉक नसेल तर तसे सरळ सांगावे. मी थांबले असते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष मालामुळे झालेल्या इजेची जबाबदारीही स्पष्ट केलेली आहे. मुदतीत समाधानकारक उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. त्यासाठी दोन्ही स्ट्रट, सोललेली लेबले आणि तुटलेले रिव्हेट जपून ठेवले आहेत. स्ट्रट उन्हापासून दूर, जसेच्या तसे आहेत. त्यांना ड्रिल लावलेले नाही आणि लावू देणारही नाही.

आपली,
एक ग्राहक, सोलापूर

सोबत: ऑर्डर व बिलाची प्रत, जुन्या व नव्या जोडीचे फोटो, वजनकाट्याचा व्हिडिओ, संदेशांचे स्क्रीनशॉट, दुरुस्तीचे अंदाजपत्रक, दवाखान्याची बिले.