दाताचा डॉक्टर निवडताना

महोदय,

आमच्या घाटंजीकडचा माणूस दात दाखवायला नागपूरला उतरला की ऑटोवाला नेईल त्या पाटीखाली जाऊन बसतो. सासूबाईंची दाढ एका दवाखान्यात एक्स-रे न काढताच उपटायला निघाले होते. आम्ही उठून मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तिथल्या शिकाऊ मुलीने एक्स-रे उजेडाला धरून कीड कुठवर गेली ते सासूबाईंना दाखवलं. रूट कॅनल झालं, दाढ वाचली. रांग मात्र मोठी, सकाळीच पोचा.

खासगीत जायचं तर बीडीएस किंवा एमडीएस पदवी, राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा. दाढेवर बसवायच्या कॅपसकट खर्च आधी लिहून घ्या. आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांनो, तोंड पुरतं उघडत नसेल तर दात दुखायची वाट पाहू नका! एसटी महामंडळाने ही माहिती तालुक्याच्या बसस्थानकांवर लावावी.

– एक शेतकरी महिला, ता. घाटंजी, जि. यवतमाळ