आई, बाबांना उठू दे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. आई म्हणते, "त्यांना झेपत नाही गं," आणि बाबा "बरं चाललंय" म्हणून फोन तिच्याकडे देतात. म्हणून पत्र.

बाबा, डायलिसिस सुरू झाल्यापासून सगळं तुमच्या हाताशी येतं. चहा पलंगावर, पेपर पलंगावर, जेवणाचं ताटसुद्धा तिथंच. आई हे मायेनं करते, आणि न्हाणीघरात तुमचा पाय घसरला तेव्हापासून तर ती तुम्हाला एकटं सोडायलाच तयार नाही. पण या मायेतच तुमच्या मांड्या झिजत चालल्यात. दिवाळीत तुम्ही खुर्चीतून उठत होता तेव्हा मी पाहत होते. हातांचा रेटा दिल्याशिवाय उठवेना. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्यभर उभ्यानं पाळ्या केलेले हे पाय आहेत, बाबा. पडण्याची भीती खरी आहे, आई, पण मांड्यांत जोर नसला की माणूस जास्त पडतं.

थकवा खोटा आहे असं मी म्हणत नाही. चांगल्या किडन्या आठवड्याचे १६८ तास काम करतात. मशीनला तेच काम तीन दिवसांत चार-चार तास, म्हणजे १२ तासांत उरकावं लागतं. दोन दिवस साठलेलं पाणी एकदम ओढलं जातं, बीपी खाली येतं, पोटऱ्यांत गोळे येतात. त्यात हिमोग्लोबिन कमी. मिरजेहून डायलिसिस करून परत आल्यावर तुम्ही आडवे होता ते बरोबरच आहे, त्या दिवशी कुणी तुम्हाला उठवू नये. माझं म्हणणं मधल्या दिवसांबद्दल आहे. ते दिवसही पलंगावरच जातात.

माझ्या एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीनं इटलीतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. डायलिसिसच्या काही रुग्णांना घरीच चालायला सांगितलं होतं. मशीन नसलेल्या दिवशी, दहा-दहा मिनिटं दोनदा, ज्याला झेपेल त्या चालीनं. सुरुवातीला ही माणसं सहा मिनिटांत सरासरी ३२८ मीटर चालत होती, ती सहा महिन्यांनी ३६७ मीटरवर गेली. ज्यांनी नेहमीचंच चालू ठेवलं, ते होते जवळपास तिथंच राहिले. खुर्चीतून उठायलाही चालणाऱ्यांना कमी वेळ लागू लागला. ब्रिटनमध्ये मशीनवर असतानाच सायकल मारायला लावून पाहिलं, तिथं मात्र रुग्णांच्या जगण्याच्या दर्जात फरक दिसला नाही. त्यामुळे व्यायामानं सगळं पालटेल अशी आशा मी दाखवत नाही. पण स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाता येणं मला फार मोठं वाटतं.

आई, आता तुझ्याशी. किडनी खराब आहे पण डायलिसिस नाही, तेव्हा डॉक्टरांनी डाळ, अंडी कमी करायला सांगितली होती. तू ते अजून पाळतेस. मशीन सुरू झालं की हिशेब उलटा होतो, कारण रक्त गाळलं जाताना प्रथिनांचे घटकही वाहून जातात. आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. नुसतं वरणाचं पाणी आणि भात खाऊन मांड्या भरणार नाहीत. अंड्याचा पांढरा भाग चालतो, किडनीच्या रुग्णाला जपावा लागतो तो फॉस्फरस त्यात अगदी कमी असतो. बाकी काय आणि किती ते सेंटरवरच्या आहारतज्ज्ञ बाईंना विचार, पोटॅशियमचा रिपोर्ट सोबत ने. मीठ मात्र कमीच ठेव. मीठ कमी तर तहान कमी, तहान कमी तर पाणी कमी साठतं आणि मशीनवरून उठल्यावरचा शीणही कमी. आणि ते दुकानातलं लो सोडियम मीठ घरात आणूच नकोस, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. बाबांच्या हृदयाला ते घातक आहे.

वजनाचंही एक सांगायचंय. तू म्हणतेस, "वजन तेवढंच आहे, म्हणजे बरं आहे." बाबांचे दंड बारीक झालेत, पायजम्याची नाडी आवळावी लागते, तरी काटा तोच. याचा अर्थ मांस गेलं आणि त्या जागी पाणी बसलं, असाही असू शकतो. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना ड्राय वेट, म्हणजे साठलेलं पाणी काढल्यावरचं खरं वजन, पुन्हा तपासायला सांगायचं. पायाला सूज असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल तर तेही न लपवता सांगायचं. बाबा, हे तुमच्यासाठी.

सुरुवात अगदी थोड्यानं करा. डॉक्टरांचा होकार घ्या. मग भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून उठायचं, पाच वेळा, आई शेजारी उभी. दोन-चार दिवसांनी अंगणात फेऱ्या. ताप असला, डायलिसिस चुकलं असलं, छातीत दुखलं, चक्कर आली तर त्या दिवशी नाही. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शीर जोडून घेतलेल्या हातानं जड उचलायचं नाही, त्या हातावर बीपी मोजू द्यायचं नाही, पण रबरी चेंडू दाबायला हरकत आहे का तेवढं विचारून घ्या.

आणि बाबांना काम दे गं. बसून घेवडा निवडतील, लाईटबिल भरतील, शेजारच्यांची मिक्सर-इस्त्री दुरुस्त करतील. पूर्वी अर्धी गल्ली त्यांच्याकडे यायची. आता लोक भेटायला येतात ते तब्येत विचारायला, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडतात. मला रिपोर्टातल्या त्यांच्या क्रिएटिनिनपेक्षा, म्हणजे किडनीच्या त्या आकड्यापेक्षा, याची जास्त काळजी वाटते. तुझे गुडघेही दुखतात, तेवढीच तुझी एक खेप वाचेल.

न्हाणीघरात बसवायला दोन दांडे पाठवते आहे. सुताराकडून कमोडच्या उजव्या बाजूला आणि नळाशेजारी पक्के ठोकून घ्या. शनिवारी मी फोन करेन तेव्हा बाबांनीच उचलायचा, फोन दिवाणखान्यात ठेवून.

तुमची,
मनू