बाबा, त्या वह्या रद्दीत देऊ नका

प्रिय आई-बाबा,

तुम्ही सोडलेल्या गुरुजींच्या संस्थेचा विषय फोनवर काढायचा तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा बाबा "जाऊ दे गं, झालं ते झालं" म्हणाले आणि फोन आईकडे गेला. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव आणि त्यांना मधेच उठू देऊ नकोस.

मागच्या वेळी आले तेव्हा बाबांनी प्रवचनांच्या सगळ्या वह्या सुतळीने बांधून दाराशी ठेवल्या होत्या, रद्दीत द्यायला. 11 वह्या. मी कोणाला न विचारता त्या आत आणल्या आणि रात्रभर वाचत बसले, रागावू नका. बाबा, पहिल्या चार-पाच वह्यांमधे जवळजवळ प्रत्येक ओळ 'मी'ने सुरू होते. मी आज विनाकारण चिडलो. मी तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं नाही. मी माफी मागायला हवी. (आई, तुझ्याबद्दल किती लिहिलंय त्यात, तुला माहितीये का?) मग सातव्या वहीच्या आसपास 'मी' कमी होत जातो आणि 'आपण' येतो, आणि 'आपण'च्या मागोमाग 'ते लोक' येतात. त्या राजकीय नेत्याचं नाव पहिल्यांदा येतं तेव्हा तुम्ही नुसतं 'शिस्तप्रिय' लिहिलंय, काही महिन्यांनी 'कर्मयोगी', आणि नवव्या वहीत 'ईश्वरी योजनेतला माणूस', खाली दोन रेघा मारून. अक्षर तुमचंच आहे पण भाषा तुमची नाहीये.

त्याच पानावर समासात पेन्सिलने काहीतरी लिहून खोडलंय. खोडरबर नीट फिरवलंय पण तुमचा हात जड, त्यामुळे दाब राहिलाय, दिव्याखाली कागद तिरपा धरला तेव्हा वाचता आलं. "गुरुजींना हे कसं कळलं?"

मी कितीतरी वेळ तो कागद तसाच धरून बसले होते. कारण तारीख बघितली तर त्याच महिन्यात मी तुमच्याशी भांडले होते, तुम्ही अक्कल गहाण टाकलीये असं म्हणाले होते, आणि नंतर दीड वर्ष आपण फक्त तब्येतीचं बोललो. म्हणजे तुम्हाला प्रश्न पडला होता. तो तिथे विचारावा तर शंका म्हणजे अहंकार असं शिकवलेलं, आणि घरी विचारावा तर मी आधीच भांडायच्या तयारीत. मग तो माणूस प्रश्न खोडणार नाही तर काय करणार. सॉरी, बाबा. खरंच सॉरी.

त्या दिवसापासून मी भक्ती आणि सत्ता या विषयावर मिळेल ते वाचतेय. फ्रँक बुकमन नावाचे एक अमेरिकन धर्मोपदेशक होते, ऑक्सफर्ड ग्रुप ही त्यांची चळवळ. त्यातली माणसं रोज सकाळी वही-पेन्सिल घेऊन शांत बसायची, मनात येईल ते लिहायची, आपल्या चुका दुसऱ्यासमोर कबूल करायची, ज्याला दुखावलं त्याच्याकडे जाऊन ते निस्तरायची. वाचताना मला तुम्हीच दिसत होतात. आणि हेच बुकमन ऑगस्ट 1936 मधे न्यूयॉर्कच्या एका पेपरला मुलाखत देताना म्हणाले की हिटलरसारखा माणूस दिल्याबद्दल मी देवाचे आभार मानतो, त्याने कम्युनिझमला अडवलं. ज्यूंचा द्वेष वाईटच, असंही त्याच मुलाखतीत म्हणाले, पण गाडी पुढे कुठे गेली बघा, असा हुकूमशहा एकदा देवाच्या ताब्यात आला की त्याच्यामार्फत अख्ख्या देशाचे प्रश्न रातोरात सुटतील.

मला वाटतं सगळी गोम त्या 'रातोरात'मधे आहे. स्वतःचा राग कमी करायला तुम्हाला पाच वह्या लागल्या आणि तरी तो पूर्ण गेला नाही, हे तुम्हीच लिहिलंय. इतकं हळू काम करणाऱ्या माणसाला कोणी सांगितलं की वरचा एकच माणूस बरोबर असला की खाली सगळं आपोआप सुधारतं, तर त्याला ते किती हवंहवंसं वाटेल! त्यात वर्षानुवर्षं शरण जायची सवय लावलेली. गुरूसमोर 'माझं मला काही कळत नाही' म्हणायला शिकलेला माणूस तेच वाक्य नेत्यासमोर म्हणायला लागतो आणि त्याला वाटतं ही पण साधनाच. नेत्याला फुकटात पुण्याई मिळते, संस्थेला मान आणि संरक्षण मिळतं, आणि किंमत तुमच्यासारखे लोक मोजतात.

म्हणून तुमचं मन जिथे तुटलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्याच बुधवारच्या बैठकीतल्या एका साधकाच्या मुलाला चार ओळी लिहिल्या म्हणून रात्री उचलून नेलं, तुम्ही उभं राहून विचारलंत की आपण यावर काहीच बोलायचं नाही का, आणि उत्तर आलं की मन अशांत आहे, जप वाढवा. त्या दिवशी तुम्ही खोडलेला प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलात, बाबा. आणि आई, त्यानंतर तुझ्या मैत्रिणींचे फोन बंद झाले. 20 वर्षं जिच्या दुखण्याखुपण्याला तू धावलीस तिने रस्त्यात तोंड फिरवलं. लोक म्हणतात भ्रम गेला तर बरंच झालं की, पण भ्रमाबरोबर किती माणसं जातात ते कोणी मोजत नाही. तुझं हे दुःख मी 'सुटलात बाई' म्हणून उडवून लावणार नाही.

मार्टिन निमोलर नावाचे जर्मन पाद्री होते. त्यांनी नाझींना मत दिलं होतं, 1933 मधे देशाचा पुनर्जन्म होतोय असं त्यांना वाटलं होतं, मग सरकार चर्चमधे हात घालायला लागलं तेव्हा विरोधात गेले आणि 1937 पासून 1945 पर्यंतची वर्षं कैदेत, छळछावण्यांत काढली. सुटल्यावर खुशाल हीरो म्हणून मिरवता आलं असतं. पण ते सांगत फिरले की 1937 नंतरचं उत्तर माझ्याकडे आहे, 1933 ते 1937 मी गप्प का होतो त्याचं नाहीये. जपानमधे सोतो झेन या बौद्ध पंथाने युद्धखोर सत्तेला दिलेल्या साथीबद्दल 1992 मधे माफी मागितली, जवळपास अर्ध्या शतकाने. तुम्ही दोन वर्षांत तिथून उठलात. स्वतःला एवढं कोसू नका हो.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. आई म्हणाली तुम्ही पहाटे बसणंसुद्धा सोडलंय, सगळं थोतांड म्हणता. बुकमनच्याच त्या चळवळीत बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे दोघं होते, दोघंही दारूने उद्ध्वस्त झालेले, 1935 मधे भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. त्यांचे गट 1937 आणि 1939 मधे ऑक्सफर्ड ग्रुपमधून बाहेर पडले. कारणं बरीच होती, हिटलरचं ते वाक्य हेच एक नव्हे. पण बाहेर पडताना त्यांनी काय उचललं बघा. चुकांचा हिशोब, कबुली, भरपाई, सकाळची शांतता, सगळं घेतलं. मोठ्या माणसांच्या मागे लागणं तेवढं ठेवून आले, आणि पुढे नियमच केला की बाहेरच्या वादात संस्थेचं मत नसेल आणि पुढारी सेवक असतील, सत्ताधीश नाही.

पहिल्या पाच वह्या तुमच्या आहेत, बाबा, त्यांच्या नाहीत. तुम्ही आईची माफी मागितलीत ती कुठल्या गुरूने मागितली नव्हती. उद्या पहाटे बसा, कोणाचा फोटो नको, मंत्र नको वाटला तर तोही नको.

मी पुढच्या शनिवारी येतेय. वह्या आईच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, चादरींच्या मागे. येताना पेन्सिल आणते, नवव्या वहीतली ती खोडलेली ओळ परत लिहून ठेवा, मला ती तुमच्या अक्षरात हवीये.

तुमची लेक