कवीला शाळेत पाहुणा म्हणून नका बोलावू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचन प्रेरणा दिनाचे फोटो आपल्या पेपरात बघितले. शाळा वेगवेगळ्या पण फोटो सगळे एकसारखे, कलाम सरांच्या तसबिरीला हार, स्टेजवर खुर्च्या, एका खुर्चीत तालुक्यातले कुणी कवी, आणि खाली पोरं मांडी घालून पुस्तक नाकापुढे धरून बसलेली, त्यातली निम्मी कॅमेऱ्याकडे बघतायत. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला हा दिवस होतो, होऊ द्या, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते आपण कवीला शाळेत ज्या पद्धतीने आणतो त्याबद्दल.

मी शिक्षिका होते, आता रिटायर आहे, असे कार्यक्रम भरपूर पाहिले आणि काही स्वतः घडवूनही आणले. शाल श्रीफळ होतं, प्रास्ताविक लांबतं, मग कवी स्वतःच्या तीन-चार कविता म्हणतात, "वाचाल तर वाचाल" होतं, आभार, पोहे, गाडी. एका शाळेत (नाव सांगत नाही) असाच कार्यक्रम चालू असताना सहावीतला एक पोरगा मध्येच उठून म्हणाला, "सर, तुम्ही लिहिलेलं खोडता का?" तोपर्यंत ते कवी अगदी पाठ केल्यासारखं बोलत होते, पण हा प्रश्न आला आणि गडी एकदम खुलला, खिशातून घडी घातलेला कागद काढला, म्हणाले हे बघ, ही एकच ओळ चार वेळा खोडलीय आणि अजून जमलेली नाही. पोरं पुढे सरकली ना हो, मागची तर उभी राहिली कागद बघायला! आणि तेवढ्यात सूत्रसंचालक बाईंनी माइक घेतला, वेळेअभावी आपण आभारप्रदर्शनाकडे वळू या. संपलं. त्या दिवशी पोरांच्या कामाचं जे काही होतं ते त्या चुरगळलेल्या कागदात होतं, आणि तोच आम्ही परत खिशात घालायला लावला.

इंग्लंडमध्ये १९९९ पासून मुलांसाठी असा एक मानाचा माणूस नेमतात, चिल्ड्रन्स लॉरिएट म्हणतात त्याला. कल्पना निघाली ती टेड ह्यूज, म्हणजे तेव्हाचे तिथले राजकवी, आणि लेखक मायकेल मॉर्पर्गो यांच्या गप्पांतून. पहिला मान क्वेंटिन ब्लेक या चित्रकाराला मिळाला, पुढे मायकेल रोझेन, जोसेफ कोएल्हो असे कवीही झाले. मला यात आवडली ती मुदत, दोन वर्षं! दोन वर्षं त्या माणसाने पोरांत फिरायचं, लायब्रऱ्यांत जायचं, मुलांच्या वाचनासाठी सरकारशी भांडायचं. कोएल्होने तर नेमणुकीच्या आधीपासूनच एक नाद घेतला होता, ब्रिटनच्या प्रत्येक लायब्ररी विभागात जाऊन स्वतः मेंबर व्हायचं, असे दोनशेच्या वर विभाग त्याने पुरे केले. अमेरिकेतही पोएट्री फाउंडेशनने २००६ पासून मुलांचा कवी नेमायला सुरुवात केली.

आता कुणी म्हणेल बाईंना परदेशाचं फार कौतुक. तर मी धरणगावची आहे, बालकवी ठोंबरे याच गावात जन्मले. १९०७ साली जळगावला कवी संमेलन भरलं, डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते, आणि तिथे जेमतेम सतरा वर्षांच्या या पोराने कविता म्हटली, त्याला "बालकवी" ही पदवी मिळाली ती तिथेच. हे आमच्याकडे सगळे अभिमानाने सांगतात. पुढचं कमी सांगतात, की रेव्हरंड टिळकांनी या पोराला नगरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, लक्ष्मीबाईंनी माया केली. म्हणजे पदवी देऊन मोकळं न होता एका कवीने पोराला आपल्या घरात जागा दिली. आणि विंदा, बापट, पाडगावकर ही तिघं गावोगाव कविता म्हणत हिंडायची तेव्हा ज्यांनी कधी कवितेचं पुस्तक उघडलं नव्हतं अशी माणसंही ऐकायला बसायची. विंदांनी मुलांसाठी किती लिहिलं, आणि तेही उपदेश न करता. मग आपल्याकडे हे नवीन आहे असं कोण म्हणेल? मराठीला अभिजात दर्जा मिळाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, पेढे वाटून झाले, आता पोरांकडे बघू या की.

पोरांसोबत नेमकं करायचं काय, हेही काही अवघड नाही. केनेथ कोक नावाचा कवी होता, कोलंबिया विद्यापीठात शिकवायचा, १९६८ च्या सुमारास तो न्यूयॉर्कच्या एका साध्या सरकारी प्राथमिक शाळेत जायला लागला. त्याने पोरांना सांगितलं यमक जुळवू नका, फक्त प्रत्येक ओळ "मला वाटतं असं व्हावं" अशी सुरू करा, प्रत्येकाची एक ओळ, सगळ्यांची मिळून वर्गाची कविता. स्पॅनिश बोलणारी पोरं होती तर स्पॅनिश शब्दही येऊ दिले. हे वाचून मी रिटायर व्हायच्या आधी पाचवीच्या वर्गात करून बघितलं. पहिल्यांदा सगळ्यांनी "मला वाटतं मी डॉक्टर व्हावं, देशाची सेवा करावी" असंच लिहिलं, निबंधमाला अंगात मुरलेली दुसरं काय. मी म्हटलं खोटं नको, घरातलं लिहा. मग एकीने लिहिलं, मला वाटतं आमच्या म्हशीने कमी बोलावं आणि आजीने जास्त. एकाने लिहिलं, मला वाटतं कापसाचा भाव बाईंनी ठरवावा, त्या सगळ्यांना पास करतात. (माझ्या मार्क देण्यावर याहून खरा शेरा कुणी मारलेला नाही.) आणि मागच्या बाकावरचा एक, जो कधी तोंड उघडायचा नाही, त्याने हळूच विचारलं, बाई अहिराणीत चालीन का? चालेल म्हटलं. त्याने लिहिलं, माले वाटस मन्हा बाप दिवाळीले घर येवाले जोयजे, म्हणजे बाप दिवाळीला घरी यायला पाहिजे. बाप सुरतेला कामाला होता.

तो पोरगा वर्षभर गप्प का होता याचं उत्तर मला त्या एका ओळीत मिळालं. त्याची भाषा वर्गात चालते हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि हे कुठे, तर बहिणाबाईंच्या जिल्ह्यात! त्या बाईंना लिहितावाचता येत नव्हतं, घरच्या बोलीत म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव स्वतः कवी म्हणून ते कागदावर आलं, नाहीतर गेलं असतं सगळं वाऱ्यावर. आम्ही मात्र त्यांच्या कवितेचं "काव्यसौंदर्य" गाइडमधून पाठ करून घेतो, तीन-चार मार्कांचं.

शिक्षकांना दोष देत नाही मी, शिक्षकाच्या डोक्यावर ऑनलाइन माहिती भरणं आहे, निवडणूक आहे, पोर्शन आहे. म्हणूनच बाहेरचा माणूस पाहिजे, ज्याला मार्क द्यायचे नाहीत आणि ज्याला खोडायची लाज वाटत नाही.

तर माझी सूचना अशी की प्रत्येक जिल्ह्यात दोन वर्षांसाठी एक कवी नेमावा, मुलांचा कवी. त्याला मानधन आणि प्रवासखर्च नीट द्यावा, फुकटात साहित्यसेवा करून घेण्याची आपली सवय वाईट आहे. त्याने कमी शाळा घ्याव्यात पण त्याच शाळेत पुन्हा पुन्हा जावं. स्पर्धा नको, पहिला दुसरा तिसरा नंबर काढला की बाकीची पोरं लिहायचं सोडतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वच्छता, व्यसनमुक्ती, मतदार जागृती असले विषय देऊन कविता मागवणंही बंद करा, त्याला घोषणा म्हणतात. कवी फार नावाजलेला नसला तरी चालेल, फक्त पोरांचं ऐकून घेणारा हवा, आणि कुणाचा तरी मेहुणा आहे म्हणून नेमलेला नको. पैशाचं म्हणाल तर संमेलनांच्या मांडवावर, फेट्यांवर आणि जेवणावळींवर जो खर्च होतो त्यातला थोडा जरी इकडे वळवला तरी भागेल असं मला वाटतं, हिशोब करणारे माझ्याहून हुशार लोक आहेत.

सगळ्या महाराष्ट्रात एकदम जमणार नसेल तर जिल्हा परिषदेने आधी एका तालुक्यात करून बघावं. धरणगावपासून सुरू करणार असाल तर कवीच्या राहण्याजेवणाची सोय आम्ही रिटायर मंडळी करू, तेवढं बोलणं आमचं आपसात झालेलं आहे, फक्त वरून पत्र आलं पाहिजे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
धरणगाव, जि. जळगाव